बकासन आणि गोधडी

२१ जून जवळ आला की शाळेत एकच चर्चा सुरू होते, यंदा मंचावर काय दाखवायचे? २०१५ पासून योगदिन साजरा होतो आहे. ताडासन, वृक्षासन पाहून पाहुणेही कंटाळले असावेत. यंदा नववीच्या मुलांनी बकासन सुचविले व काही विश्वस्तांनाही ते आवडले. दोन तळहातांवर सारे शरीर तोलायचे, दिसते मोठे झकास! आम्ही मात्र ते मंचावर न ठेवता वर्गात शिकविण्याचे ठरविले आहे.

आपल्याकडे शाळा योगदिनाच्या थोडेच दिवस आधी उघडते. मधे जेमतेम काही दिवस. बकासनात मनगट जवळजवळ काटकोनात वाकते आणि पूर्ण भार त्यावर येतो. या वयात मनगटाजवळ हाडांची वाढ चालूच असते, तिथे घाई नको. दुसरे असे की, मंचावर पडण्याची लाज वाटते. तोल जात असला तरी मुलगा पाय खाली टेकवत नाही, आणि दुखापत होते ती तेव्हाच. वर्गात पडला तर सगळे हसतात, तोही हसतो व पुन्हा बसतो.

पुण्याचे बी. के. एस. अय्यंगार यांनी १९६६ साली आलेल्या 'लाईट ऑन योग' या ग्रंथात आसनांना अवघडपणाप्रमाणे आकडे दिले आहेत. ताडासनाचा आकडा एक! घडी केलेली कांबळी, दोर, लाकडी ठोकळे यांचा आधार घेण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. आपण गोधडी घेऊ.

उकिडवे बसून हात खांद्यांइतक्या अंतरावर टेकावेत, बोटे फाकलेली. भार नुसत्या मनगटावर नको, बोटांच्या मुळांशीही हवा. कोपरे थोडी वाकवून गुडघे दंडांवर, काखेजवळ टेकवावेत. नजर हातभर पुढे. पायांकडे पाहिले की डोके खाली जाते आणि मुलगा तोंडावर येतो. म्हणून समोर चौपदरी गोधडी. उडी मारायची नाही; अंग हळूहळू पुढे झुकवून एक पाय उचलायचा. पहिले काही आठवडे एवढेच. उतरतानाही पाय सावकाश खाली. पैनगंगेच्या काठी बगळा किती वेळ न हलता उभा असतो! आमच्या मुलांना तिसऱ्याच दिवशी फोटो हवा असतो.

मनगट दुखत असेल, हाताला मुंग्या येत असतील किंवा पूर्वी हात मोडला असेल तर तसे आधी सांगावे. मध्यान्ह भोजनानंतर हे आसन नाही, म्हणून योगाचा तास सकाळी पहिला ठेवला आहे.

२१ जूनला सर्व शाळेचे सूर्यनमस्कार होतील. विश्वस्त मंडळींनीही सैल कपडे घालून यावे. पालकांनी सोमवारपर्यंत मुलांबरोबर एक जुनी गोधडी पाठवावी, कोपऱ्यात नाव व इयत्ता दोऱ्याने घालून.