दोन्ही बाजूंनी उघडणारी वही

शाळेत तुम्ही सगळीकडे जाता. मैदानावर जाता, प्रयोगशाळेत जाता, चिठ्ठी घेऊन कार्यालयातही जाता. एका दारापाशी मात्र तुमचे पाय अडखळतात. ते दार शिक्षक कक्षाचे. बोलताना आम्ही सारे त्याला स्टाफ रूमच म्हणतो. आत काय चालत असेल, असे लहानपणी मलाही वाटायचे. २०१४ च्या जूनमध्ये मी मालेगावच्या एका उर्दू शाळेत मराठीची शिक्षिका म्हणून रुजू झाले, तेव्हा ती खोली मला प्रथमच आतून पाहायला मिळाली.

आत चार टेबले चार कोपऱ्यांत होती. खिडकीजवळ गणित-विज्ञानवाले, पंख्याखाली उर्दूवाले, कपाटाच्या आड इंग्रजीवाले. दाराजवळचा उरलेला कोपरा मराठी-हिंदीचा. पहिल्याच दिवशी मी चुकून पंख्याखालच्या खुर्चीवर बसले. कोणी काही बोलले नाही. पण सगळ्यांनी माना वर केल्या, आणि मी उठले. चहासुद्धा प्रत्येक टेबलाचा वेगळा येई. आमचे शिपाई चाचा त्यासाठी चार वेळा जिना चढत. बी. एड.च्या वर्षात मला पाठाचे टाचण काढायला शिकवले होते. फळ्यावर ओळ सरळ कशी ठेवावी, तेही शिकवले होते. सहकाऱ्यांबरोबर एका खोलीत कसे बसावे, हे मात्र कोणी शिकवले नव्हते.

दोन वर्षांनी नववीच्या वर्गात एक मुलगी आली. तिच्या वहीत ‘घर’चे ‘धर’ होई, ‘भात’चे ‘मात’ होई. समजावून झाले, रागावून झाले. शेवटी मी तांबड्या शाईने ‘निष्काळजी’ असा शेरा दिला. एकदा नव्हे, तीनदा. पहिल्या घटक चाचणीचे गुण भरताना मी मोठ्याने म्हणाले, “ही मुलगी आळशी आहे.”

उर्दूच्या आपांनी पंख्याखालून वर पाहिले. “आळशी? तिच्यासारखे वाचन वर्गात कोणाचे नाही. तुम्हीच मुलींना घाबरवत असाल.”

मला राग आला. आपा माझ्याहून वीस वर्षांनी मोठ्या, म्हणून उलट बोलले नाही. पण पुढचे पंधरा दिवस आमचे बोलणे सलामापुढे गेले नाही. आमच्या अबोल्याने मुलीचे काय होणार? तिचे गुण उतरतच राहिले. ‘शिकून उपयोग नाही, आता घरीच बसवू,’ असे तिच्या घरी बोलले जात असल्याचे कानावर आले.

कोपरे आम्ही मोडले नाहीत. ते पावसाने मोडले. ऑगस्टमध्ये छत चारही बाजूंनी गळू लागले. चाचांनी टेबले ओढून खोलीच्या मध्यभागी जोडली. गळती थांबली, पण टेबले परत गेली नाहीत. चाचांनीच नेली नाहीत म्हणा ना! “आता एकच किटली आणीन,” ते म्हणाले, “माझे गुडघे दुखतात.”

आणि एके दिवशी आपांनी त्या जोडलेल्या टेबलावर एक दोनशे पानी वही ठेवली. “मुलींविषयी जे दिसेल ते यात लिहू या. पण डोळ्यांना दिसले तेवढेच. आळशी, हुशार, असले शब्द नकोत.” हे त्या माझ्याकडे पाहूनच म्हणाल्या. गणिताचे सर हसले. मलाही वाटले, आधीच वह्या तपासून मान मोडते, त्यात ही आणखी एक वही!

आता गंमत पाहा. आपांनी वही उजवीकडून उघडून उर्दूत पहिले पान लिहिले. मी ती उलटी करून डावीकडून मराठीत लिहिले. एकाच वहीला दोन पहिली पाने झाली. माझी जोडाक्षरे आपांना अडत, त्यांचे घाईतले अक्षर मला लागत नसे. मग विचारावेच लागे. “आपा, हे काय लिहिले आहे?” एवढ्या एका प्रश्नावर आमचा अबोला सुटला.

सप्टेंबरअखेर आम्ही ती वही सगळ्यांसमोर वाचली. त्या मुलीबद्दल मी लिहिले होते : ‘श्रुतलेखनात चूक नाही. फळ्यावरून उतरवताना मात्र घ-ध, भ-म यांत चुकते.’ गणिताच्या सरांनी लिहिले होते : ‘उदाहरणाची रीत बरोबर. आकडे चुकीचे उतरवते, तीनाचा आठ करते.’ आपांनी लिहिले होते : ‘पुस्तक चेहऱ्याजवळ धरून वाचते.’ खेळाच्या मॅडमनी लिहिले होते : ‘थ्रोबॉलमध्ये लांबून येणारा चेंडू तिला उशिरा समजतो.’

खोलीत कोणी काही बोलेना. विज्ञानाचे सर हळूच म्हणाले, “तिला लांबचे दिसत नाही.” त्यांनी खडूने टेबलावरच डोळा काढून दाखवला. दूरच्या वस्तूची प्रतिमा दृष्टिपटलावर पडण्याऐवजी त्याच्या अलीकडे पडते. अंतर्गोल भिंगाचा चष्मा लावला की ती जागेवर येते. सारे काही चौघांना दिसले होते, पण प्रत्येकाला चौथाई. तिने स्वतः का सांगितले नाही? तिला वाटे, सगळ्यांनाच फळा असा धूसर दिसतो.

खरी अडचण पुढेच होती. तिची अम्मी शाळेत आली आणि रडू लागली. “मुलीच्या जातीला चष्मा लागला, तर लोक नावे ठेवतील. उद्या स्थळ कोण आणील?” आपांनी स्वतःचा चष्मा काढून तिच्या हातात दिला. म्हणाल्या, “मला हा अकराव्या वर्षी लागला. तरी निकाह झाला, तीन मुले झाली. तुमच्या मुलीला फळाच दिसला नाही, तर ती दहावी कशी होणार?” अम्मी डोळे पुसता पुसता हसली. सरकारी रुग्णालयात तपासणी झाली आणि आठवड्याभरात चष्मा आला.

मी तिची वही मागवली. तिन्ही शेऱ्यांवर काट मारली आणि खाली सही केली. “राहू द्या ना, मॅडम,” ती म्हणाली. मला ते राहू देववेना.

आता आमच्या स्टाफ रूममध्ये भांडणे होत नाहीत, असे समजू नका. बदली तास कोणी घ्यायचा, यावरून आजही आवाज चढतात. कधी आठवडाभर वहीत एक ओळही पडत नाही. एक सर अजून आपली खुर्ची खिडकीजवळच ठेवतात. उजेड चांगला असतो, म्हणतात. पण अडलेली मुलगी आता दारात फार वेळ उभी राहत नाही. ती सरळ टेबलापर्यंत येते.

आपा निवृत्त होण्याच्या आठवड्यात आमची तिसरी वही संपत आली होती. उजवीकडून आलेली उर्दू आणि डावीकडून आलेली मराठी यांच्यामध्ये एकच कोरे पान उरले होते. आपांनी वरचा अर्धा भाग घेतला, मी वही फिरवून खालचा घेतला. चाचा नवी वही आणायला दुकानात गेले.