राज्य कोणावर?

दिवाळे गावच्या जेट्टीवर तिन्हीसांजेला पोरांची लपाछपी रंगते. ओहोटी लागली की होड्या चिखलात कुशीवर कलंडतात, आणि जाळ्यांच्या ढिगाआड, पिंपांमागे, डागडुजीसाठी वर ओढलेल्या होडीखाली, जिथे शिरावं तिथे लपायला जागा. राज्य असलेला पोरगा भिंतीला डोळे टेकून आकडे मोजतो, आणि तेवढा वेळ धक्का गप्प होतो. एवढी पोरं इथेच कुठेतरी श्वास रोखून बसलीत, पण एकही दिसत नाही. त्या शांततेने आजही माझ्या पोटात खड्डा पडतो.

विशाल फुरिया यांच्या 'लपाछपी' या सिनेमाने (२०१७) हीच शांतता पकडली होती. आठ महिन्यांची गरोदर नेहा उसाच्या फडातल्या एकट्या घरात राहायला येते. पडका वाडा नाही, जळमटं नाहीत. आहे तो डोक्याच्या वर गेलेला ऊस, सळसळणारं पाचट आणि त्यातून येणारं पोरांचं खिदळणं. पूजा सावंतची नेहा त्या आवाजामागे जाते तेव्हा आपणही मनातून तिला म्हणतो, नको जाऊस. उषा नाईक यांची तुळसाबाई तर जेवू घालतानाही धडकी भरवते. त्या खिदळण्याच्या मुळाशी काय आहे? मुलगी नको, एवढंच. जन्मणारा जीव मुलीचा म्हणून त्याला जगू न देणारं घर.

गर्भलिंगनिदानावर १९८८ साली कायद्याने बंदी आणणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. तरीही २०११च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे राज्यात ८९४ मुली भरल्या, बीड जिल्ह्यात ८०७. हा आकडा वाचल्यापासून मला उसाचा फड नुसता उसाचा दिसत नाही. ज्यांचा डाव सुरूच झाला नाही, त्या मुली कुठे लपल्यात म्हणायच्या?

परदेशी सिनेमांतली भुताटकीची पोरं पाहतानाही मी मोठ्यांच्या गुन्ह्याचा हाच धागा शोधते. 'द ओमेन'मधला (१९७६) डेमियन सैतानाचाच अंश. दुष्टपणा बाहेरून घरात आलेला, त्यामुळे आईबापांच्या वाट्याला फक्त भीती. तो मला फार काळ छळत नाही. पण जपानी 'जू-ऑन'मधला पांढराफटक तोशिओ, ज्याच्या बापाने त्याच्या आईचा जीव घेतला, तो जिन्यावर नुसता बसलेला दिसला तरी अंगावर काटा येतो. गिएर्मो देल तोरोच्या 'द डेव्हिल्स बॅकबोन'मधला (२००१) सान्तीही तसाच: स्पेनच्या यादवीतलं अनाथालय, तळघरातलं पाण्याचं टाकं, आणि त्यात बुडालेला मुलगा. या दोघांचं मोठ्यांकडे काहीतरी येणं आहे. ते वसूल झाल्याशिवाय ही पोरं जाणार कशी?

आपला मुंजा त्यांच्याच नात्यातला. मुंज झाली, पण सोडमुंजीआधीच मुलगा गेला, तर तो पिंपळावर राहतो, असं माझी आजी सांगायची. सांगताना तिचा आवाज खाली यायचा, आणि त्यात भीतीइतकीच कणव असायची. "बिचाऱ्याचं सगळंच राहून गेलं गं," म्हणायची. आदित्य सरपोतदार यांच्या 'मुंज्या'तला (२०२४) गोट्या लग्नाच्या हट्टापायी सख्ख्या बहिणीचा बळी द्यायला निघतो. म्हणजे तो निरागस नाहीच. सिनेमा मला आवडला, पण संगणकावर घडवलेल्या त्या मुंज्याने आजीच्या आवाजातली कणव हरवली, याचं वाईट वाटलं.

गेल्या पावसाळ्याआधीची गोष्ट. एका संध्याकाळी डाव अर्ध्यावर मोडला. आयांच्या हाका आल्या, पोरं पांगली, जेट्टीवरचे दिवे लागले. मी उठणार, एवढ्यात उलट्या घातलेल्या होडीखालून एक लहानसा हात बाहेर आला. नखांत डांबराचं काळं. मग पाचेक वर्षांची पोर सरपटत निघाली, फ्रॉकला चिखल, केसांत जाळ्याचा निळा धागा. माझ्या घशातून आवाज निघेना.

तिने रिकाम्या धक्क्यावर नजर फिरवली आणि मला विचारलं, "मना कोनी शोधलाच नाय?"

मी भिंतीपाशी गेले, डोळे मिटले आणि एकपासून मोजायला लागले. मागे तिची अनवाणी पावलं पुन्हा होडीकडे धावली.