यंत्र गप्प बसतें तेव्हां

माधवनिदान ह्या वैद्यकावरील जुन्या ग्रंथांत औषधें नाहींत; रोग कसा ओळखावा, एवढेंच आहे. पुष्कळांस हें अपुरें वाटतें. परंतु निदान ही चिकित्सेहून निराळी आणि तिच्या आधींची विद्या होय, ही गोष्ट मला अलीकडे एका अगदीं वेगळ्या क्षेत्रांत, संगणकाच्या बाबतींत, नव्यानें पटली.

आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत तयार होत आहे. जुन्या वंशावळींचीं छायाचित्रें घेऊन त्यांतील मजकूर संगणकांत उतरविण्याचें काम थोरल्या वहिनी ह्या वयांतही नेटानें करितात. एके दिवशीं त्यांनीं चार तास खपून बरींच पानें उतरविलीं, आणि तीं कायमच्या सांठ्यांत जाण्यापूर्वींच यंत्र थिजलें. कळफलक ऐकेना, पडद्यावरील बाण हलेना. पुतण्यानें वीज तोडण्यासाठीं हात पुढें केला. पण नातीनें त्याला थांबविलें. "काका, डिस्कचा दिवा लुकलुकतो आहे. तें मेलेलें नाहीं, कोंडलें आहे. आतां बंद केलें तर थोरल्या आजींची मेहनत जाईल, आणि झालें काय हेंही कधीं कळणार नाहीं."

ह्या यंत्रावर लिनक्स नांवाची व्यवस्था चालते. केन टॉमसन व डेनिस रिची ह्यांनीं १९६९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत ज्याचा आरंभ केला, त्या युनिक्सच्या धर्तीवर लिनस टोरवाल्ड्स ह्या फिनलंडमधील विद्यार्थ्यानें १९९१ सालीं तिचा गाभा रचला. हा गाभा, म्हणजे कर्नल, एकत्र कुटुंबांतील कर्त्या पुरुषासारखा होय. मेमरीचें, म्हणजे यंत्राच्या स्मृतीचें, वांटप तो करितो. बहुधा ४०९६ बाइटांच्या एकेका 'पाना'च्या हिशेबानें. मागणाऱ्यांची गर्दी झाली कीं कांहीं पानें तो डिस्कवर नेऊन ठेवितो व लागतील तेव्हां परत आणितो. पंगतींत पाट शंभर आणि जेवणारे दोनशें असले, तर यजमान एकाला उठवून दुसऱ्याला बसवील. पण घांस तोंडाशीं जाण्यापूर्वींच तो प्रत्येकाला उठवूं लागला, तर धांवपळ अखंड चालेल आणि जेवण कोणाचेंच होणार नाहीं. ह्या अवस्थेचें विवेचन पीटर डेनिंग ह्यांनीं १९६८ सालींच केलें आहे.

मात्र बाहेरून सारखेंच दिसणारें मौन भिन्न कारणांचें असूं शकतें. एखादा प्रोग्राम डिस्कच्या उत्तराची अशी वाट पाहत बसतो कीं, एरवीं अनिवार्य असलेली नऊ क्रमांकाची आज्ञाही त्याला हलवीत नाहीं. कधीं दोन प्रोग्राम एकमेकांच्या हातांतील वस्तूसाठीं कायमचे अडून बसतात. उलट, मोकळी स्मृति थोडी दिसणें हा रोगच नव्हे; रिकामी जागा लिनक्स डिस्कवरून वाचलेला मजकूर हाताशीं ठेवण्यास वापरतो, आणि मागणी येतांच ती बहुतांशीं परत देतो. म्हणून 'मोकळी' नव्हे, 'उपलब्ध' हा आंकडा पाहावा.

नातीनें दुसऱ्या संगणकावरून आंत प्रवेश मिळविला. उत्तर यावयास कांहीं मिनिटें लागलीं, पण आलें. व्हीएमस्टॅट ह्या आज्ञेच्या कोष्टकांत डिस्कवरून येणाऱ्या व तिकडे जाणाऱ्या पानांचे दोन्ही रकाने फुगलेले होते. छायाचित्रें उजळविणारा एक प्रोग्राम बहुतेक स्मृति बळकावून बसला होता. तिनें त्यालाच आवरतें घेण्याची, पंधरा क्रमांकाची, सौम्य आज्ञा दिली. जागा पुरतीच संपली असती, तर गाभ्यानें स्वतःच एकाचा बळी दिला असता. आणि ती निवड मुख्यतः कोणी किती जागा व्यापली ह्यावर होते, कोणाचें काम मोलाचें ह्यावर नव्हे. थोड्या वेळानें बाण हलला. वहिनींचीं पानें शाबूत होतीं.

दुसऱ्या दिवशीं तिनें न्यायशास्त्रांतील अन्वय आणि व्यतिरेक मला प्रत्यक्ष दाखविले. तो प्रोग्राम चालू असतां प्रत्येक चित्रागणिक त्यानें व्यापलेली जागा वाढे व कमी होत नसे. तो बंद असतां वाढ मुळींच नसे. कारण ठरलें. आतां दर पन्नास चित्रांनंतर तो बंद करून पुन्हा सुरू करावयाचा, असा नियम केला आहे.

वीज तोडून पुन्हा जोडली कीं यंत्र बहुधा चालूं लागतें, हें खरें. पण त्या झटक्यासरशीं स्मृतींतील पुरावा पुसला जातो, आणि रोग पुढच्या खेपेसाठीं तसाच राहतो. म्हणूनच जाणते लोक, गाभा कोसळल्यास त्या क्षणींच्या स्मृतीची प्रत निघावी, अशी केडंप नामक तजवीज आधींच करून ठेवितात. गप्प बसलेल्याला हलविण्यापूर्वीं तो कशाची वाट पाहत आहे, किंवा कशाच्या ओझ्याखालीं दबला आहे, हें पाहावें. ही शिस्त केवळ यंत्रांपुरतीच राखावी, असें मला वाटत नाहीं.