डोक्यावर होतं, पण बसलेलं नव्हतं

हेल्मेटशिवाय मी सायकल चालवत नाही, असं मी कितीतरी वर्षं छातीठोकपणे सांगत असे. ते खोटंही नव्हतं. पुण्यात सायकलवाल्यांचे ग्रुप वाढायला लागले तेव्हापासून पहाटे निघताना माझ्या डोक्यावर हेल्मेट असायचंच. कोणी बोडक्या डोक्याने आला तर त्याला मी परतही पाठवलं आहे. पण माझं स्वतःचं हेल्मेट डोक्यावर कसं बसतंय, ते कुठे पडून असतं, कशाने पुसलं जातं, याकडे मी कधी लक्ष दिलं नाही. घेतलं, घातलं, संपलं, एवढीच माझी समजूत होती. त्या समजुतीची किंमत मी मोजली आणि ती जवळजवळ दुसऱ्याच्या मुलालाही मोजायला लावली. म्हणून हे लिहितो आहे.

पहिली चूक दुकानातच झाली. रंग आवडला, वजनाला हलकं वाटलं, म्हणून घेतलं. डोक्याचा घेर मोजला नाही. भुवयांच्या जरा वरून, कपाळाचा फुगीर भाग आणि मागचा उंचवटा धरून टेप फिरवायची, एवढंच ते काम. माझा घेर ५६ सेंटिमीटर आणि मी घेतलेलं हेल्मेट ५८ ते ६२ सेंटिमीटरच्या डोक्यांसाठी. मागचा नॉब शेवटपर्यंत आवळला की ते कसंबसं थांबायचं. थोडं सैल बरं, हवा खेळती राहते, असं मी घरी सांगितलं. आतलं लेबलही वाचलं नाही. मोटरसायकलच्या हेल्मेटवर आयएसआयची खूण बघायची आपल्याला सवय आहे. तो आयएस ४१५१ चा शिक्का मोटरसायकल-स्कूटर चालवणाऱ्यांच्या हेल्मेटसाठी असतो. सायकलच्या हेल्मेटवर युरोपचं ईएन १०७८ किंवा अमेरिकेचं सीपीएससी लिहिलेलं आहे का, ते पाहायचं असतं. माझ्या हेल्मेटवर ते होतं, पण त्यात माझ्या चौकसपणाचा काही वाटा नव्हता.

पट्ट्यांचं तर मी काहीच केलं नाही. दुकानातून आले तसेच ते राहिले. कानाच्या पुढचा आणि मागचा पट्टा कानाच्या पाळीखाली नीट जुळायला हवा; माझे दोन्ही जबड्यापाशी लोंबायचे. हनुवटीखाली एखाद-दुसरं बोट जाईल इतकीच जागा असावी. माझ्या पट्ट्यात अख्खी मूठ गेली असती. गळ्याला काचतं, हे माझं कारण. बक्कल लागल्याचा आवाज आला की मी निर्धास्त.

डिसेंबरातल्या एका सकाळी आम्ही वाईहून पसरणी घाट चढायला निघालो. वाईत पहाटे चांगलीच थंडी होती. मी लोकरीची कानटोपी घातली आणि ती आत मावावी म्हणून नॉब पूर्ण सैल केला, पट्टाही वाढवला. निम्मा घाट चढल्यावर घाम यायला लागला, तेव्हा कानटोपी काढून जर्सीच्या मागच्या खिशात कोंबली. नॉब तसाच राहिला, पट्टाही तसाच. शिवाय कपाळाला वारा लागावा म्हणून हेल्मेट मागे सरकवलं. भुवयांच्या वर दोन बोटांवर असायला हवी ती कड केसांच्या रेषेच्याही मागे गेली. पाचगणीत चहा झाला, नाश्ता झाला, फोटो झाले. त्या फोटोत मी हसतो आहे आणि माझं कपाळ पूर्ण उघडं आहे. बरोबरच्या कोणाला ते खटकलं नाही, कारण आम्ही सगळे साधारण तसेच होतो.

उतारावर एका वळणाला, मोरीच्या अलीकडे, बारीक खडी पसरलेली होती. मागचा ब्रेक जरा जास्त दाबला गेला आणि चाक सरकलं. पडताना हेल्मेट आणखी मागे गेलं आणि कपाळ सरळ डांबरावर आपटलं. मग मी गडगडलो आणि हेल्मेटची मागची बाजू मोरीच्या दगडाला लागली. पुढचं मला तुटक तुटक आठवतं. कोणीतरी रुमाल दाबून धरला होता, आणि माझं नाव काय ते मला पुन्हा पुन्हा विचारलं जात होतं.

टाके पडले, डोक्याचा स्कॅन झाला, रक्तस्राव नव्हता. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, "हेल्मेट होतं म्हणून वाचलात." मीही तेच म्हणत राहिलो. ते ऐकायला बरं वाटायचं.

घरी आल्यावर काही दिवसांनी ध्यानात आलं की फोडणीचा वास येत नाही. सर्दी असेल असं वाटलं. मग हिंगाची डबी नाकाला लावली, तरी काही नाही. डॉक्टरांनी समजावलं, की वासाच्या नसांचे अगदी बारीक तंतू नाकाच्या छतातल्या चाळणीसारख्या हाडातून मेंदूकडे जातात. डोक्याला जोराचा हिसका बसला की मेंदू आत हलतो आणि ते तंतू तुटू शकतात. काहींचा वास परत येतो, काहींचा येत नाही. माझा आला नाही. दूध नासलंय का हे मला घरातल्यांना विचारावं लागतं. शेगडीवर काही करपलं तर धूर दिसेपर्यंत कळत नाही. घरात एकटा असलो की गॅसचा नॉब बंद आहे ना, हे पुन्हा पुन्हा उठून बघतो.

आमच्या ओळखीचा एक जुना सायकल मिस्त्री आहे. सायकल दुरुस्तीला नेली तेव्हा हँडलला अडकवलेलं हेल्मेट त्याने हातात घेतलं, पुढून मागून पाहिलं आणि विचारलं, "काका, कपाळाला एवढं लागलं, मग याच्या पुढच्या बाजूला साधा ओरखडाही कसा नाही?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. जिथे मार बसला तिथे हेल्मेट नव्हतंच. माझ्या कपाळावर टाक्यांची रेघ होती आणि हेल्मेटचा पुढचा भाग दुकानातून आणला तसा कोरा होता. डोक्याच्या मागच्या बाजूला त्याने नक्कीच काम केलं. त्या दगडाचा मार मी त्याच्याविना सोसू शकलो नसतो. पुढच्या बाजूचं काम मात्र मीच त्याच्याकडून काढून घेतलं होतं.

त्यानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचायला लागलो. न्यू साऊथ वेल्स विद्यापीठातल्या ऑलिव्हिए आणि क्रायटन यांनी २०१६ मध्ये जगभरातले ४० अभ्यास एकत्र तपासले. त्यात ६४ हजारांहून अधिक जखमी सायकलस्वारांची माहिती होती. हेल्मेट घातलेल्यांमध्ये डोक्याच्या गंभीर दुखापतीची शक्यता जवळपास ६९ टक्क्यांनी कमी दिसली. हा आकडा हेल्मेटची बाजू मांडताना सगळेच सांगतात, मीही सांगायचो. पण अमेरिकेत सिएटलला फ्रेडरिक रिव्हारा आणि सहकाऱ्यांनी केलेला १९९९ सालचा एक अभ्यास माझ्याबद्दलच होता म्हणायला हरकत नाही. ज्यांचं हेल्मेट नीट बसत नव्हतं, त्यांना डोक्याच्या दुखापतीचा धोका नीट बसणाऱ्यांच्या जवळपास दुप्पट होता.

असं का होतं, ते हेल्मेटच्या आत पाहिलं की उमजतं. वरचं कवच पातळ असतं. खरं काम आतल्या फोमचं. तो थर्माकोलच्याच जातीचा, एक्स्पांडेड पॉलिस्टायरीन. डोकं रस्त्यावर आपटतं तेव्हा ते काही सहस्रांश सेकंदात थांबतं. हा फोम चिरडत जातो, थांबायला जरा जास्त वेळ आणि जरा जास्त अंतर देतो, आणि त्यामुळे मेंदूवरचा धक्का कमी होतो. अमेरिकी चाचणीत हेल्मेट साधारण दोन मीटरवरून सपाट ऐरणीवर आपटतात आणि आतल्या नकली डोक्याला बसणारा हिसका ३०० जी च्या, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ३०० पटींच्या, आत राहावा लागतो. हे सगळं घडतं ते डोकं आणि रस्ता यांच्यामध्ये फोम असेल तरच. आणि फोम एकदा चिरडला की पुन्हा फुगत नाही. त्या जागी तो दुसरा मार घेऊ शकत नाही.

हे शेवटचं वाक्य मला फार उशिरा समजलं, आणि तीच माझी सर्वांत मोठी चूक ठरली. नवं हेल्मेट घेतल्यावर जुनं मी भाच्याला दिलं. तो तेव्हा शाळेत होता, नुकतीच गिअरची सायकल मिळाली होती. मागे थोडं खरचटलंय, बाकी उत्तम आहे, महागाचं आहे, असं सांगून दिलं. तो ते घालून क्लासला जायचा. काही महिन्यांनी ताई आतले पॅड धुवायला काढत होती, तेव्हा मागच्या बाजूला फोममध्ये केसाएवढी बारीक चीर तिला दिसली. पॅडखाली असल्यामुळे ती वरून दिसत नव्हती. अंगठ्याने दाबलं तर फट उघडायची. ताई ते हेल्मेट घेऊन घरी आली आणि टेबलावर ठेवलं.

"हे तुझ्या अपघातातलं ना?"

"हो."

"आणि ते तू माझ्या मुलाला दिलंस."

मला माहीत नव्हतं, असं मी म्हणालो. ते खरं होतं, पण तिला पुरेसं वाटलं नाही आणि आता मलाही वाटत नाही. अपघातात सापडलेलं हेल्मेट बाद करायचं, हे हेल्मेटबरोबर येणाऱ्या कागदावरच छापलेलं असतं. मी तो कागद कधी उघडला नव्हता. भाचा त्या काळात पडला नाही, एवढंच. त्यानंतर बराच काळ ताईने त्याला माझ्याबरोबर सायकलवर पाठवलं नाही. तिचं बरोबरच होतं.

निगा राखण्याच्या बाबतीतही मी असाच निष्काळजीपणा केला होता. डांबराचा डाग निघावा म्हणून कवच रॉकेलने पुसलं होतं. उन्हाळ्यात हेल्मेट गाडीच्या मागच्या काचेपाशी दिवसभर पडून असायचं. थांबलो की ते हँडलला लटकवायचो आणि सायकल भिंतीला टेकवली की आधी तेच भिंतीवर आपटायचं. रॉकेल, पेट्रोल, थिनर यांनी प्लॅस्टिक आणि फोम दोन्ही खराब होतात, आणि ते डोळ्यांना दिसेलच असं नाही. बंद गाडीतल्या उन्हाने तेच होतं. साधा साबण, पाणी, मऊ फडकं आणि सावलीत वाळवणं, एवढ्यावर भागतं. पट्टे घामाने कडक झाले, बक्कल नीट लागेनासं झालं, कवच फोमपासून सुटायला लागलं, की हेल्मेट न पडताही बदलायला हवं. ते कधी बनवलं याची तारीख आतल्या लेबलवर असते, ती बघावी.

व्यावसायिक सायकलपटूंनाही हे वळण लागायला वेळ लागला. १९९५ च्या टूर द फ्रान्समध्ये फाबियो कासार्तेल्ली उतारावर पडून मरण पावला; त्याच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं. २००३ च्या मार्चमध्ये पॅरिस-नीस शर्यतीत कझाकस्तानचा आंद्रेई किव्हिलेव्ह गेला, तोही हेल्मेटविना. त्यानंतर त्याच वर्षी सायकलिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने हेल्मेट सक्तीचं केलं, पण सुरुवातीला शेवटच्या मोठ्या चढावर ते काढायची मुभा होती. पुढे तीही गेली. उकाडा आणि चढ ही कारणं त्यांच्याकडेही होती.

आता आमच्या ग्रुपमध्ये निघण्याआधी प्रत्येक जण शेजाऱ्याचं हेल्मेट बघतो. भुवईवर दोन बोटं. पट्टे कानाच्या पाळीखाली जुळलेले. बक्कल लावून मोठी जांभई दिली की हेल्मेट डोक्यावर खाली ओढलं जायला हवं. पट्टा न लावता मान हलवली तरी ते डुगडुगता कामा नये. घाटमाथ्यावर, उतार सुरू होण्याआधी, हे सगळं पुन्हा. केसांचा अंबाडा वर बांधला असेल तर तो सोडून खाली बांधायचा. कानटोपीच्या जागी आता आम्ही पातळ कपड्याची टोपी घालतो आणि तीही काढली की लगेच नॉब आवळतो. लहान मुलं बरोबर असतील तर बागेत घसरगुंडीवर चढण्याआधी त्यांची हेल्मेट काढायला लावतो, कारण तिथे पट्टा अडकला तर गळा आवळला जाऊ शकतो.

भाचा आता मोठा झाला आहे आणि पुन्हा माझ्याबरोबर येतो. त्याचं हेल्मेट मी डोक्याचा घेर मोजून, नवं घेतलं. कोणाला जुनं हेल्मेट देणं किंवा कोणाचं घेणं मी कायमचं बंद केलं. आणि बाद झालेलं हेल्मेट टाकताना आधी कात्रीने त्याचे पट्टे कापून टाकतो. कचऱ्यातून चांगलं दिसतंय म्हणून कोणी ते उचललं, तर ते कुठल्या मुलाच्या डोक्यावर जाईल ते मला कधीच कळणार नाही.