पक्षात नाही ते धरू नये

दहावीचे वर्ष ज्या घरात असते, तेथे टेबलाच्या एका टोकाला कंपासपेटी असते आणि पुष्कळदा दुसऱ्या टोकाला आजी-आजोबांच्या गोळ्यांचा डबा. कोल्हापुरात घरोघरी रुग्ण पाहायला जाताना असे टेबल मी अनेकदा पाहिले आहे.

आमच्या वेळी, म्हणजे १९८०च्या दशकात, भूमितीचा तास इतर तासांहून वेगळा असे. सरांच्या अपेक्षा मोजक्याच, पण त्यांत सूट नसे. पेन्सिलीला टोक हवे, कर्कटकाचा स्क्रू घट्ट हवा. फळ्यावर प्रमेय आले की आधी आकृती, मग पक्ष, मग साध्य आणि त्यानंतरच सिद्धता. प्रत्येक विधानासमोर त्याचे कारण लिहायचे: पक्ष, विरुद्ध कोन, सामाईक बाजू. कारण नसलेली ओळ खरी असली तरी तिच्यावर लाल रेघ ओढली जाई.

दोन नियमांबाबत तर सर फारच कडक होते. रचनेतील कंस पुसायचे नाहीत, हा एक. कोन कसा दुभागला हे कंसांवरूनच कळते. ते नसतील तर कोनमापकाने मोजून रेघ ओढली, असे समजले जाई. दुसरा नियम असा, की आकृतीत दिसते म्हणून काही गृहीत धरायचे नाही. कोन काटकोनासारखा दिसला, पण पक्षात तसे दिलेले नसले, तर तो काटकोन नव्हे. आम्ही फसावे म्हणून सर मुद्दाम तशी आकृती काढीत.

आता 'गणित भाग २'ची लेखी परीक्षा ४० गुणांची असते. समरूपता, पायथागोरसचे प्रमेय, वर्तुळ यांची रीत मात्र तीच आहे. चौकटी भरून सिद्धता पूर्ण करण्याच्या कृती मला काहीशा अपुऱ्या वाटतात. पहिली ओळ मुलाला स्वतः सुचण्यातच तर खरा आनंद! घरातील वडीलधाऱ्यांना यात मदत करता येते, त्यासाठी भूमिती येण्याचीही गरज नाही. नातवंडाला सिद्धता मोठ्याने सांगायला लावावी आणि प्रत्येक ओळीवर एवढेच विचारावे, "कशावरून?"

हाच प्रश्न एका घरी फार उपयोगी पडला. पंचाहत्तरी ओलांडलेल्या आजी दोन दिवसांत असंबद्ध बोलू लागल्या होत्या. "वय झालं आता, डॉक्टर," असे मुलगा म्हणाला. दहावीतल्या नातीने मात्र वहीत दिवसवार लिहून ठेवले होते: तीन दिवस जुलाब, जेवण जवळजवळ नाही, रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालूच, गेल्या आठवड्यापर्यंत हिशेब चोख. वय हे पक्षात होतेच. पण वय दोन दिवसांत वाढत नाही. रक्त तपासले, तर सोडियम बरेच खाली आले होते. रुग्णालयात ते हळूहळू भरून काढल्यावर आजी पूर्ववत बोलू लागल्या.

वृद्ध माणसाला एक-दोन दिवसांत भ्रम झाला किंवा ते एकाएकी सुस्त झाले, तर ते म्हातारपण समजू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. मूत्रमार्गाचा संसर्ग, शरीरातील पाणी कमी होणे, बद्धकोष्ठता, झोपेची किंवा सर्दीची नवी गोळी यांपैकी काहीही कारण असू शकते आणि यांवर बहुधा उपाय होतो.

गोळ्यांच्या डब्याजवळ एक वही ठेवावी. काय, केव्हापासून आणि आधी कसे होते, एवढेच तीत लिहावे. तर्क लिहू नयेत. बंद केलेल्या गोळीचे नाव पुसू नये. त्यावर एक आडवी रेघ मारून तारीख घालावी, कोणी आणि का बंद केली ते समोर लिहावे आणि पुढच्या तपासणीला ती वही बरोबर आणावी.