अंगवळणी पडलेले विष

फवारणीच्या दिवसांत बांधावर एक वाक्य मला हमखास ऐकायला मिळते : "साहेब, आता सवय झाली, काही होत नाही."

सवय होते ती नाकाला. पहिल्या दिवशी डोके उठवणारा वास आठव्या दिवशी जाणवत नाही, एवढेच. रक्ताला कसली सवय?

आपण वापरतो त्यातली बरीच कीटकनाशके ऑरगॅनोफॉस्फेट गटातली आहेत. मज्जातंतूंचे काम सुरळीत ठेवणारे कोलिनेस्टरेज नावाचे द्रव्य आपल्या अंगात असते. ही औषधे नेमके तेच निकामी करतात. त्यासाठी विष पोटात जावे लागत नाही. गळक्या पंपाने भिजलेल्या पाठीतूनही ते शिरते. आज थोडे द्रव्य निकामी झाले, ते भरून यायच्या आत उद्या पुन्हा पंप पाठीवर. पुरते भरून यायला कित्येक आठवडे लागतात. म्हणजे जुने फिटले नाही तोच नवे कर्ज! मग एखाद्या दिवशी नेहमीएवढ्याच फवारणीने माणूस आडवा होतो आणि घरचे म्हणतात, कालपर्यंत तर धडधाकट होता.

आता हिशेब बघा. तुमची चार एकर कपाशी दोन-तीन दिवसांत फवारून होते. रोजाने येणारा गडी मात्र आज तुमच्याकडे, उद्या शेजाऱ्याकडे, असा महिनाभर त्याच धुक्यात असतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात पडले. त्या साली कपाशी डोक्याएवढी वाढली होती, फवारा तोंडावरच येई. तेव्हा गड्याला मजुरी ठरवण्याआधी विचारा, "काल कुठे होतास? परवा?" लागोपाठचे दिवस असतील तर त्याला दुसरे काम द्या. हे मालकानेच करायचे, कारण रोज बुडवून तो स्वतः थांबणार नाही.

एका वस्तीवर एक बाई फवारणीचे कपडे लेकरांच्या कपड्यांबरोबर एकाच बादलीत भिजवताना दिसली. तिने पंपाला कधी हात लावला नव्हता, तरी वाटा तिलाही मिळत होता, लेकरांनाही. ते कपडे वेगळे धुवा.

डोके दुखणे, दरदरून घाम, तोंडाला लाळ सुटणे, अंधुक दिसणे, डोळ्याची बाहुली बारीक होणे, याला आपल्याकडे 'ऊन लागले' म्हणून लिंबूपाणी पाजतात. त्यात वेळ जातो. अंगावरचे कपडे उतरवा, साबणपाण्याने अंग धुवा आणि थेट दवाखाना गाठा. औषधाचा डबा बरोबर न्या. डॉक्टरांना त्यावरचे नाव हवे असते.