माळवद उतरवण्याआधी

आमच्या नारायणगडाच्या परिसरात उन्हाळा लागला की एक वाक्य हमखास कानावर येतं, "त्यांनी घराचं काम काढलंय." काम काढलंय म्हणजे नेमकं काय, हे ज्याच्या घरी ते निघतं त्यालाच कळतं. बाकीच्यांना नुसता वाळूचा ढीग दिसतो. आणि तुम्हाला तर तो ढीग बघून आनंदच होतो, हे माझ्या वर्गावरून मला पक्कं ठाऊक आहे!

गेल्या वर्षी आमच्याही घराचं काम निघालं. पण गवंड्याची थापी भिंतीला लागायच्या आधीचे दोन महिने आमच्या घरात जे चाललं होतं, त्याबद्दल मी आज सांगणार आहे. खरं काम तेच होतं, असं माझं मत आहे.

नारायणगड म्हणजे बीड जिल्ह्यातल्या बालाघाटच्या डोंगरातलं नगद नारायणाचं ठिकाण. आमच्याकडे त्याला धाकटी पंढरी म्हणतात. गडाच्या आसपासच्या वाड्यावस्त्यांवर अजूनही माळवदाची घरं दिसतात. शहरातल्या मुलांसाठी सांगते, माळवद म्हणजे मातीचं सपाट छत. दगड मातीत बसवून उभारलेल्या दोन-दोन फूट जाडीच्या भिंती, आत लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर आडवी लाकडं, त्यावर काटक्या आणि पाला, आणि या सगळ्याच्या वर मातीचा जाड थर. बाहेर चैत्राचं ऊन रणरणत असावं आणि तुम्ही आत पाऊल टाकावं, अंगावर गारवा येतो. माझ्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, विजेच्या पंख्याला "वारं ढवळायचं यंत्र" म्हणतात. त्यांना त्याची कधी गरजच पडली नव्हती.

मग असं घर बदलायचं कशाला?

त्याचं उत्तर छतावरच होतं. पावसाळ्याआधी माळवदावर नवी माती टाकायची, चोपायची, नाहीतर ते गळतं. ही रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. दरवर्षी पाट्या वर जातात, खाली मात्र एकही येत नाही. म्हणजे माती वाढत जाते आणि लाकूड म्हातारं होत जातं. आमच्या मागच्या खणातल्या मधल्या तुळईला भेग गेली होती. तिच्याखाली एक टेकू दिलेला होता, आणि त्या टेक्याला दप्तरं अडकवलेली असत.

एके दिवशी माझी मुलगी आणि पुतण्या अभ्यासाला बसले असताना मी त्यांना एक गणित घातलं. तुम्हीही करून बघा. खोली २० फूट लांब, १५ फूट रुंद. वर मातीचा थर १ फूट. किती घनफूट माती झाली? ३००. एक घनफूट चोपलेली माती साधारण ४५ किलो भरते. म्हणजे साडेतेरा हजार किलो. साडेतेरा टन! आमच्या भागातल्या पोरांना टन समजावून सांगावा लागत नाही. त्यांचे आईवडील साखर कारखान्यावर टनाच्या हिशेबानेच ऊस तोडतात. पुतण्याने वर बघितलं आणि म्हणाला, "काकू, म्हणजे आपल्या डोक्यावर उसाचा भरलेला ट्रक उभा आहे?" आणि पावसात माती भिजली की ट्रक आणखी जड होतो, हे मी त्याला सांगितलं नाही. पण तुम्हाला सांगते.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं, माणसं दमून झोपलेली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातली कितीतरी गावं ढिगाऱ्यात गेली, हजारो माणसं दगावली. त्यांतली बरीच घरं अशीच होती, मातीत बसवलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि वर मातीचं ओझं. अशी भिंत बाहेरून एकसंध दिसते, पण पुष्कळदा तिचे आतले आणि बाहेरचे असे दोन वेगळे पदर असतात, मध्ये नुसता भरावा. धक्का बसला की पदर सुटतात आणि छत खाली येतं. त्यानंतर जागतिक बँकेच्या मदतीने सरकारने मोठं पुनर्वसन हाती घेतलं. माळवदावरची जादा माती उतरवा, भिंतीत आरपार जाणारे लांब दगड बसवा, दारांच्या डोक्यावरून काँक्रीटचा पट्टा फिरवा, असं जाणकार तेव्हापासून सांगत आले आहेत. आत्याबाईंना ती पहाट आठवते. भांडी वाजली होती, म्हणतात.

तेव्हा ठरलं असं, की पुढची ढाळज आहे तशीच ठेवायची आणि मागचे खण जोत्यापर्यंत उतरवून नव्याने बांधायचे. जुन्या भिंतींवर नुसता स्लॅब टाकला तर स्वस्तात झालं असतं. पण मिस्तरी भला माणूस. तो म्हणाला, "मॅडम, स्लॅब काय हलका असतोय व्हय? त्याला खाली सळईचे खांब पायजेत." त्याचं खरं होतं. पाच इंची स्लॅब धरला तर त्याचंही ओझं पावणेनऊ टनांच्या घरात जातं. फरक एवढाच, की तो सळयांनी बांधलेला असतो आणि त्याचं ओझं खांबांवर उतरतं.

आता प्रश्न, काम कधी काढायचं? शहरात लोक म्हणतात, सुट्टी बघून काढू. आमच्याकडे ते ऊस ठरवतो. माझे दीर आणि जाऊबाई दसरा-दिवाळीला टोळीबरोबर कारखान्याला जातात, ते पट्टा पडल्यावर, पाडव्याच्या आसपास परत येतात. त्याआधी घरात हात नाहीत. आणि ७ जूनला मृग निघतो, त्याआधी डोक्यावर छत पाहिजे. मधे शाळेची वार्षिक परीक्षा. आषाढी एकादशीला गडावर वारकऱ्यांची दाटी होते, तेव्हा पाहुणे येणारच. असे सगळे दिवस कॅलेंडरवर खुणा करून बघितले, तर हातात जेमतेम सात-आठ आठवडे उरत होते. परीक्षेचा शेवटचा पेपर झाला की दुसऱ्या दिवशी माळवद उतरवायचं, हे पक्कं झालं.

सगळ्यांना मान्य होतं. एक आत्याबाई सोडून.

त्यांनी सरळ सांगितलं, "मी या घरातून हलणार नाही. माझ्यामागं काय करायचं ते करा." मुलांच्या बाबांनी समजावलं, दिरांनी समजावलं, किल्लारीचं सांगून झालं, टनाचं गणित सांगून झालं. त्या ऐकून घ्यायच्या आणि जात्यावर जाऊन बसायच्या. शेजारच्यांनी त्यांच्यासाठी आपली खोली देऊ केली होती, पक्क्या घरातली. तरी नाही.

माझी धाकटी चौथीत आहे. तिने एका रात्री सहज विचारलं, "आजी, मग तुला झोपायचंय कुठं?" आत्याबाई लगेच म्हणाल्या, "लिंबाखाली. गाईजवळ." एवढंच होतं! परक्याच्या घरात, दार लावून झोपणं त्यांना नको होतं. गाय रात्री हंबरली तर उठायला आपण तिथं पाहिजे, हा त्यांचा हिशेब. मग गोठ्याला लागून पत्र्याची पडवी काढली, तिथं त्यांची बाज टाकली, कोनाड्यातले देव पाटावर मांडले, आणि जातंसुद्धा दोघांनी धरून तिथं नेलं. त्या दिवसापासून कामाची सूत्रं आत्याबाईंच्या हातात गेली, आणि ते बरंच झालं.

कारण घराच्या पोटात काय काय आहे, हे फक्त त्यांनाच माहीत होतं. त्यांनी मिस्तरीला भिंतीशी नेलं आणि हाताने ठोकून दाखवलं. "हितं बळद हाय." म्हणजे भिंतीतच ठेवलेली धान्य साठवायची पोकळी. तिचं तोंड लिंपून कित्येक वर्षं बुजवलेलं होतं, आम्हाला कुणालाच पत्ता नव्हता. मिस्तरी म्हणाला, "बरं झालं सांगितलं आज्जी, तिथं पहार मारली असती तर भिंत अंगावर आली असती." तुळईच्या वरच्या फटीत एक पत्र्याची नळीही निघाली. तिच्यात जमिनीचे जुने कागद होते, कडा वाळवीने खाल्लेल्या, पण अक्षर शाबूत. ते आम्ही झेरॉक्स काढून प्लास्टिकच्या पिशवीत घातले आणि बीडला माझ्या भावाकडे ठेवायला दिले. घराचं काम काढणाऱ्या प्रत्येकाने पहिल्यांदा कागदपत्रं घराबाहेर काढावीत. भांडं फुटलं तर दुसरं मिळतं, सातबाऱ्यासाठी आणि जुन्या फेरफारासाठी मात्र हेलपाटे घालावे लागतात.

सामान काढण्याचं काम मुलांकडे होतं. प्रत्येक पेटीवर खडूने आकडा आणि वहीत त्या आकड्यापुढे आत काय आहे त्याची यादी. पुतण्याने मोबाईलवर फोटोही काढून ठेवले. मी एकच अट घातली होती, शाळेची पुस्तकं, गणवेश आणि चपला यांची पेटी सगळ्यात शेवटी बांधायची आणि सगळ्यात वर ठेवायची. ज्वारी उन्हात वाळवून कोठीत भरली, कोठी विटांवर चढवली. सिमेंटची धूळ धान्यात गेली की भाकरी कचकच लागते.

सरपण आणि दगड हलवताना मात्र मुलांना लांब ठेवलं. जुन्या भिंतीत विंचू असतातच. आम्हाला तीन सापडले. मोठ्यांनी बूट घालून, काठीने आधी हलवून मगच हात घालायचा, हा नियम. चुकून कुणाला विंचू चावलाच तर मंत्र-तंत्र करत बसू नका, तडक सरकारी दवाखाना गाठा. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन नावाचं औषध उपयोगी पडतं हे दाखवून दिलं आणि कोकणातल्या कितीतरी मुलांचे प्राण वाचले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आणखी एक. ओलं सिमेंट चिखलासारखं दिसतं, पण ते कातडी भाजतं. त्यात अनवाणी नाचायचं नाही! वीज मंडळाच्या माणसाकडून मीटरची तार आधी सोडवून घेतली, ती ढाळजेत घेतली, आणि लोंबणाऱ्या वायरला कुणी हात लावायचा नाही, हे गावातल्या पोरांनासुद्धा सांगून ठेवलं.

सगळ्यात अवघड होतं पाणी. स्लॅब टाकला की संपत नाही, त्याला निदान दहा-बारा दिवस सतत ओलं ठेवावं लागतं. तो वाळून घट्ट होत नसतो, पाणी पिऊन घट्ट होतो. मे महिन्यात आमच्या विहिरीचा तळ दिसतो. टँकर येतो, पण त्यावर गावाची तहान आधी, मग आमचा स्लॅब. पुन्हा गणित घातलं. तेवढ्याच जागेवर १ इंच पाणी साठवायचं तर २५ घनफूट, म्हणजे सुमारे ७०० लिटर. आणि उन्हाने रोज उडेल ते वेगळं. मग काय करायचं? पुतण्याने सुचवलं, पाण्यावर बारदान अंथरायचं. धान्याची रिकामी पोती आम्ही शिवरात्रीपासूनच साठवायला लागलो होतो. जाऊबाईंनी आणि मुलांनी ती उसवून, जोडून मोठ्या चादरी शिवल्या. ओल्या बारदानाखाली पाणी हळू उडतं. शेजारपाजारहून पाच टिपाडं उसनी आणली, प्रत्येकावर मालकाचं नाव रंगाने घातलं, आणि स्लॅबची तारीख मेच्या शेवटच्या आठवड्यात धरली. म्हणजे निम्मे दिवस आमचं पाणी आणि जमलं तर निम्मे दिवस मृगाचं, फुकटातलं! स्लॅबच्या दिवशीच धो-धो आला तर पंचाईत, म्हणून प्लास्टिकचा मोठा कागदही आणून ठेवला.

परीक्षा संपली. दुसऱ्या दिवशी सकाळी नारळ फोडला आणि सहा माणसं माळवदावर चढली. आत्याबाई खालून ओरडून सांगत होत्या, "एकाच अंगाची काढू नका रे, चारी बाजूंनी सारखी काढा." पाट्या खाली यायला लागल्या. ती माती दिरांनी बैलगाडीने शेतात नेली. पांढरीची माती पिकाला चांगली, असं आमच्याकडे मानतात. भेगाळलेली तुळई सुटी होऊन खाली आली तेव्हा कळलं, ती आतून वाळवीने पोखरून पार पोकळ झाली होती. मिस्तरीने तिच्यात बोट घातलं, ते दुसऱ्या पेरापर्यंत गेलं. कुणी काही बोललं नाही.

दुपारी मागच्या खणाचं छत मोकळं झालं आणि जमिनीवर उन्हाचा मोठा चौकोन पडला. धाकटी ढाळजेतून वाकून म्हणाली, "आई, आपल्या घरात ऊन आलं!" आत्याबाईंनी तिला हाताला धरून मागे ओढलं, "लांब उभी राहा, माती पडती," म्हणाल्या आणि सहा माणसांचा चहा ठेवायला लिंबाखालच्या चुलीकडे गेल्या.